कंपवाताच्या रुग्णाला पोटाबद्दल विचारा

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली कंपवाताचं, म्हणजे आज ज्याला पार्किन्सन्स म्हणतात त्या आजाराचं, पहिलं नीट वर्णन लिहिलं. त्याच्यासमोर रुग्ण होते अवघे सहा, आणि त्यातले काही तर नुसते रस्त्यात भेटलेले किंवा लांबून पाहिलेले. तरी त्याची नजर इतकी बारीक होती, की कापणारा हात आणि पुढे झुकलेली चाल यांच्याबरोबर त्याने आतड्यांचीही नोंद केली. या माणसांची आतडी सुरुवातीपासून मंद असतात, आणि आजार वाढला की पोट साफ होण्यासाठी चांगली जालीम औषधं द्यावी लागतात, असं त्याने लिहून ठेवलं.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हे वाक्य कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्याला कारणही होतं. कंप मेंदूतून येतो हे सिद्ध झालं, मेंदूच्या मध्यभागातल्या ‘काळ्या’ पेशी मरतात हे दिसलं, त्या पेशी डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनवतात हे कळलं आणि १९६०च्या दशकात लेव्होडोपा या औषधाने खिळलेली माणसं पुन्हा चालू लागली. एवढं ठळक यश हाती आल्यावर बद्धकोष्ठाकडे कोण बघणार? वय झालं, हालचाल कमी झाली, औषधं चालू आहेत, मग पोट बिघडणारच, असं म्हणून तो विषय मिटवला गेला.

आता बोलणं नेमकं उलट टोकाला गेलं आहे. कंपवात हा मुळात पोटाचाच आजार, आतड्यातले जिवाणू बदला म्हणजे कंप थांबेल, असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे जिवाणूंच्या कॅप्सूल असतात, विष्ठेची तपासणी करून देणारी पाकिटं असतात, आणि काही ठिकाणी निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा, म्हणजे मलप्रत्यारोपणाचा उपचारही असतो. माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आवडणार नाही असं आहे. कंपवाताच्या उपचारात पोटाला आज मिळते त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळाली पाहिजे. आणि जिवाणू बदलून कंपवात बरा करण्याचा उपचार संशोधनाच्या चाचणीबाहेर, पैसे घेऊन देणं बंद झालं पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध नाहीत. पहिली नीट मान्य झाली तर दुसरीची गरजही कमी होईल.

आधी हे बघू, की पोटाचा संशय आला कुठून. हवाई बेटांवरच्या हजारो पुरुषांचा अनेक वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दिवसातून एकदाही शौचाला होत नव्हतं, त्यांना पुढे कंपवात होण्याचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या जवळजवळ पावणेतीन पट निघालं. हे ऐकून कुणी घाबरू नये. बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेक माणसांना कंपवात कधीच होत नाही. पण पोटाची तक्रार हाताच्या कंपाच्या कित्येक वर्षं आधी सुरू होत असेल, तर ‘हालचाल कमी झाली म्हणून पोट बिघडलं’ हे उत्तर टिकत नाही. हालचाल तर तेव्हा कमी झालेलीच नसते.

२००३ साली जर्मनीतल्या हायको ब्राक यांनी मृतांच्या मेंदूंचे काप तपासून एक धाडसी मांडणी केली. कंपवातात पेशींच्या आत अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. ब्राक यांच्या मते या गुठळ्या मेंदूच्या मध्यभागी सुरू होत नाहीत. त्या आधी आतड्यांच्या चेतापेशींत किंवा नाकामागच्या गंधाच्या भागात दिसतात आणि तिथून वर चढतात. पोटातून वर जाण्याची वाट म्हणजे व्हेगस, मेंदूच्या देठापासून आतड्यांपर्यंत उतरणारी लांबलचक नस. २०१९ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या जठर-आतड्याच्या भिंतीत या प्रथिनाचे धागे टोचले. काही महिन्यांत ते मेंदूत पोचलेले दिसले. ज्या उंदरांची व्हेगस आधीच कापली होती, त्यांच्यात पोचले नाहीत.

माणसाची व्हेगस कुणी प्रयोगासाठी कापणार नाही, पण इतिहासाने तो प्रयोग नकळत करून ठेवला होता. जठराच्या अल्सरवर एकेकाळी व्हेगस कापण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे, कारण त्याने आम्ल कमी होतं. डेन्मार्कमध्ये १९७७ ते १९९५ या काळात अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे पंधरा हजार लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नसेचा मुख्य बुंधाच कापलेल्यांना, शस्त्रक्रियेला वीस वर्षं उलटल्यावर, कंपवात होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं दिसलं. फक्त जठराकडे जाणाऱ्या बारीक फांद्या कापलेल्यांना तो फायदा दिसला नाही. स्वीडनच्या नोंदींतूनही, मुख्य नस कापून किमान पाच वर्षं झालेल्यांमध्ये, असाच कल निघाला. आणि तरी, डेन्मार्कच्याच नोंदी दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने मोजल्या तेव्हा ठाम फरक सापडला नाही. म्हणजे वाट आहे असं मानायला जागा आहे. पण सगळ्यांचा आजार याच वाटेने जातो असं मानायला नाही. डेन्मार्कचे पेर बोर्गहॅमर तर म्हणतात, की काहींचा कंपवात शरीरातून मेंदूकडे जातो आणि काहींचा मेंदूतून शरीराकडे. मला ही मांडणी पटते, कारण रुग्ण पाहिले की दोन कंपवात कधी एकसारखे दिसत नाहीत.

या सगळ्यात जिवाणू अजून आलेलेच नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. पोट आणि पोटातले जिवाणू यांची सरमिसळ इथूनच सुरू होते.

जिवाणू आले ते २०१५-१६च्या सुमारास. हेलसिंकीच्या फिलिप शेपेरजान्स यांच्या गटाला कंपवाताच्या रुग्णांच्या विष्ठेत प्रिव्होटेला कुळातले जिवाणू खूपच कमी सापडले. मग कॅलिफोर्नियातल्या सार्किस माझमानियन यांच्या प्रयोगशाळेतून तो गाजलेला प्रयोग आला. अल्फा-सिन्यूक्लिन जास्त बनवणारे उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तर त्यांची हालचाल पुष्कळ बरी राहिली. त्यांच्या पोटात कंपवाताच्या रुग्णांचे जिवाणू सोडले, तर ती निरोगी माणसांचे जिवाणू सोडलेल्या उंदरांपेक्षा जास्त बिघडली. त्यानंतर एकामागून एक अभ्यास झाले. २०२२ साली अमेरिकेत जवळजवळ पाचशे रुग्णांच्या विष्ठेतला जनुकीय मजकूर वाचला गेला, तेव्हा तपासलेल्या जिवाणूंच्या प्रजातींपैकी तीस टक्क्यांहून अधिक प्रजातींचं प्रमाण बदललेलं आढळलं. आतड्याच्या अस्तराला पोसणारं ब्युटिरेट हे आम्ल बनवणारे जिवाणू घटतात, हे तर अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

इथे मी थांबून एक साधा प्रश्न विचारतो. ज्याचं पोट चार-चार दिवस साफ होत नाही, त्याच्या आतड्यातले जिवाणू बदलणारच ना? अन्न आत जास्त वेळ राहतं, पाणी शोषलं जातं, त्या कोरड्या जागेत वेगळे जिवाणू वाढतात. त्यात कंपवाताच्या औषधांची भर. एन्टाकॅपोनच्या गटातली औषधं तर जिवाणूंचं गणित स्वतःच बदलतात. तोंडाची चव, वास, भूक आणि चावणं-गिळणं बदललं की आहार बदलतो, आणि आहार बदलला की जिवाणू. म्हणजे आजाराने जिवाणू बदलले की जिवाणूंनी आजार आणला, हे रुग्णाची विष्ठा एकदा तपासून कधीच कळणार नाही. उंदरांचा प्रयोग कारणाकडे बोट दाखवतो, हे खरं. पण ते उंदीर जन्मतःच त्या प्रथिनाने भरलेले होते. त्यांना कंपवात जिवाणूंनी दिला नव्हता. आधीच पेटलेल्या चुलीत जिवाणूंनी लाकूड घातलं, एवढंच त्यातून म्हणता येतं. एवढंही कमी महत्त्वाचं नाही, पण यावरून कॅप्सूल विकता येत नाही.

जिवाणू आणि कंपवात यांचा जो संबंध मला सगळ्यात पक्का वाटतो, तो आजाराच्या उगमाशी नाही, गोळीशी आहे. त्याबद्दल त्या मानाने फार कमी बोललं जातं.

लेव्होडोपाची गोळी जठरात विरघळते आणि लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषली जाते. मेंदूपर्यंत पोचल्यावर तिचं डोपामिन व्हायला हवं. वाटेतच झालं तर ते वाया जातं, कारण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून गोळीत कार्बिडोपा घातलेला असतो, जो शरीरातलं हे रूपांतर रोखतो. २०१९ साली हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या एका गटाने, एक गोष्ट दाखवून दिली. आतड्यातला एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू आपल्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, लेव्होडोपाचं डोपामिन आतड्यातच करून टाकतो. तिथे कार्बिडोपा चालत नाही. कारण तो माणसाच्या विकराला अडवण्यासाठी बनवलेला आहे, जिवाणूचं विकर वेगळं आहे. पुढे एगर्थेला लेन्टा नावाचा दुसरा जिवाणू त्या डोपामिनची आणखी मोडतोड करतो. ग्रोनिंगेनच्या गटाला मोजक्या रुग्णांत असंही दिसलं, की ज्यांच्या विष्ठेत त्या विकराचं जनुक जास्त, त्यांना गोळ्याही जास्त लागत होत्या. बाल्स्कस यांच्या गटाने जिवाणूच्या विकराला रोखणारा एक रेणूही प्रयोगशाळेत शोधला.

कंपवाताच्या माणसाशेजारी घड्याळाकडे बघत बसून ज्यांनी दुपारी काढल्या आहेत, त्यांना हे वाचताना काय वाटतं ते मला माहीत आहे. गोळी घेतली, अर्धा तास झाला, तास झाला, तरी पाय जमिनीला चिकटलेलेच. काल हीच गोळी वीस मिनिटांत लागू पडली होती, आज का नाही? घरातले म्हणतात, मनाने घेतलंय. डॉक्टर म्हणतात, आजार वाढलाय. खरं कारण कित्येकदा जठरात अडकलेलं असतं. कंपवातात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. जेवणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत शिरतात आणि गर्दीत लेव्होडोपा मागे राहतो. म्हणूनच ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने घ्यायला सांगतात. आजार पुढे गेलेल्या काही रुग्णांना पंपाने औषधाची जेल थेट लहान आतड्यात सोडावी लागते, आणि दिवस सरळ जायला लागतो. हे ज्याने पाहिलं, त्याला पोट हा कंपवातातला किरकोळ विषय आहे असं पुन्हा म्हणवणार नाही.

म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे माझी तक्रार आहे आणि ती मी स्पष्टच करतो. तपासणीच्या वेळी बोटं जुळवायला लावतात, चालायला लावतात, मनगट फिरवून ताठरपणा बघतात. पोट किती दिवसांनी साफ होतं, गोळी जेवणाआधी की नंतर, जेवल्यावर पोट फुगतं का, हे विचारलंच जाईल याची खात्री नसते. रुग्णही सांगत नाही. पोटाची तक्रार घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे कसं बोलायचं, असा संकोच असतो. निम्म्याहून अधिक रुग्णांना छळणाऱ्या त्रासाबद्दल दोघंही गप्प, आणि मधल्या त्या शांततेत जिवाणूंचा विक्रेता येऊन बसतो. तो निदान पोटाबद्दल विचारतो तरी. लोक त्याच्याकडे का जातात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता मलप्रत्यारोपण. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर हा उपचार खरोखर चालतो. २०१३ सालच्या नेदरलँड्समधल्या चाचणीत त्याचा फायदा इतका स्पष्ट होता, की ती लवकर थांबवली गेली. त्यामुळे हा उपचारच खोटा असं कुणी म्हणू नये. प्रश्न कंपवाताचा आहे. त्यावर २०२४ साली दोन चांगल्या चाचण्या आल्या. बेल्जियममधल्या गेन्टच्या चाचणीत ४६ रुग्ण होते. काहींना निरोगी दात्याची विष्ठा नाकातून घातलेल्या नळीने लहान आतड्यात दिली, काहींना त्यांची स्वतःचीच परत दिली, आणि कुणाला काय मिळालं हे कुणालाच सांगितलं नाही. वर्षभराने दात्याची विष्ठा मिळालेल्यांचे हालचालीचे गुण सरासरी ५.८ने सुधारले. स्वतःचीच विष्ठा मिळालेल्यांचे २.७ने. फिनलंडच्या चाचणीत ४५ रुग्णांची तुलना झाली. तिथे कोलोनोस्कोपीने, म्हणजे गुदद्वारातून नळी घालून, मोठ्या आतड्यात जिवाणू सोडले होते, आणि सहा महिन्यांनी खोट्या उपचाराशी तुलना करता काहीच फरक नव्हता. उलट पोटाचे त्रास खऱ्या उपचाराच्या गटात जास्त झाले.

यातला २.७ हा आकडा मला ५.८पेक्षा महत्त्वाचा वाटतो. कंपवात हा सतत वाढणारा आजार. वर्षभरात गुण बिघडायला हवे होते. पण आपलीच विष्ठा परत मिळालेली माणसंही सुधारली! कंपवातात हे वारंवार घडतं, आणि त्याचं शरीरातलं कारण माहीत आहे. २००१ साली कॅनडातल्या संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की औषध मिळणार या नुसत्या अपेक्षेने कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन पाझरतं. म्हणजे रुग्ण खोटं बोलत नाही. त्याला खरंच बरं वाटतं, हात खरंच हलका होतो. पण म्हणूनच ‘उपचार घेतला आणि आमचे वडील चालायला लागले’ हा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला, तरी या आजारात पुरावा म्हणून चालत नाही. दुसऱ्या कुठल्या आजारात चालला असता कदाचित, कंपवातात नाही. विकणाऱ्याकडे मात्र हेच अनुभव असतात आणि तो त्यांचाच हार करून घालतो.

यावर रुग्णाचं जे म्हणणं असतं, ते मी हलकं समजत नाही. तो म्हणतो, चाचण्या पूर्ण व्हायला दहा वर्षं लागतील. माझ्याकडे दहा वर्षं नाहीत. जिवाणू तर नैसर्गिक आहेत, नुकसान काय होणार? वेळ नाही हे त्याचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि त्याला उत्तर देताना माझा आवाज उतरतो. पण नुकसानाबद्दल तो चुकतो. २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने जाहीर केलं, की मलप्रत्यारोपणातून औषधांना दाद न देणारे ई. कोलाय दोन रुग्णांच्या शरीरात गेले आणि त्यातला एक दगावला. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमकुवत होती, आणि दात्याची त्या जंतूसाठी तपासणी झालेली नव्हती. हे संशोधनाच्या देखरेखीखाली घडलं. देखरेख नसेल तिथे काय होत असेल? शिवाय म्हातारा, अशक्त, गिळायला त्रास होणारा माणूस, त्याला आधी प्रतिजैविकं द्यायची, जुलाबाने आतडी धुवायची, नळी घालायची. या गडबडीत लेव्होडोपाच्या वेळा चुकल्या तरी त्याचं शरीर ताठून जातं. आणि कुणी ‘आता नैसर्गिक उपचार चालू आहे’ म्हणून गोळीच बंद केली, तर ते थेट जिवावर बेतू शकतं.

पोटावर सगळं खापर फोडण्याची ही पहिली वेळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतड्यात सडणाऱ्या मळाचं विष अंगात भिनतं आणि त्यातून शेकडो आजार होतात, अशी लाट युरोप-अमेरिकेत आली होती. आर्बथनॉट लेन हा लंडनचा नामवंत सर्जन तर बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढत असे. तो भोंदू नव्हता, हाडांच्या शस्त्रक्रियेतलं त्याचं काम आजही मानलं जातं. पण पटलेल्या कल्पनेला पुराव्याआधीच सुरी मिळाली, आणि माणसं मेली.

त्याच पोटाच्या इतिहासात उलटं उदाहरणही आहे. जठराचा अल्सर चिंतेने होतो, तिखटाने होतो, असं सगळे मानत असताना हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा दोष सिद्ध झाला, आणि ज्या शस्त्रक्रियेत व्हेगस कापली जायची तीच हळूहळू इतिहासजमा झाली. तिथे जिवाणू हे खरं उत्तर होतं. पण हाच जिवाणू लेव्होडोपाचं शोषण बिघडवतो, तो मारला की कंपवात सुधारेल, ही आशा जेव्हा मलेशियात रीतसर तपासली गेली, तेव्हा २०२०च्या निकालात हालचालीत फायदा दिसला नाही. दोन्ही वेळा खरं काय ते चाचणीनेच सांगितलं. आधी कुणाला कळलं नव्हतं, मलाही कळलं नसतं.

जिवाणूंच्या पुरवण्यांबद्दलही माझं मत सरसकट ‘नको’ असं नाही. मलेशियातल्याच दुसऱ्या एका चाचणीत चार आठवडे अनेक प्रकारचे जिवाणू असलेली कॅप्सूल घेतलेल्या कंपवाताच्या रुग्णांना आठवड्यात सरासरी एक वेळ जास्त, आपोआप शौचाला होऊ लागलं. खोट्या कॅप्सूलच्या गटात ही वाढ जेमतेम ०.३ होती. इटलीतही आंबवलेलं दूध आणि तंतू देऊन तसाच फायदा दिसला. ज्याला आठवड्यातून दोनदाच होतं, त्याला तिसरी वेळ म्हणजे काय सुख असतं, हे त्यालाच विचारावं. तेव्हा बद्धकोष्ठासाठी म्हणून, बद्धकोष्ठाच्या नावाने या पुरवण्या विकल्या जाव्यात, माझी हरकत नाही. पाकिटावर मेंदूचं चित्र छापून, कंप थांबेल असं सूचित करून विकू नयेत. औषधाचा दावा करायचा असेल, तर औषधाला लागतो तेवढाच पुरावा मागितला पाहिजे. अन्नपूरक म्हणून नोंद आणि औषध म्हणून जाहिरात, ही पळवाट नियामकांनी बुजवायला हवी. २०२४ साली जपानी संशोधकांनी रुग्णांच्या जिवाणूंमध्ये रायबोफ्लेव्हिन आणि बायोटिन ही बी गटातली जीवनसत्त्वं बनवणारी जनुकं कमी असल्याचं सांगितलं. ही जीवनसत्त्वं देऊन कंपवात सुधारतो असं त्यांनी कुठल्याही चाचणीत दाखवलेलं नव्हतं, तरी बी-जीवनसत्त्वाने कंपवात बरा होईल असे मथळे झळकायला वेळ लागला नाही. मथळा लिहिणाऱ्यांनीही आपली जबाबदारी ओळखावी.

जगभरात २०१९ साली ८५ लाखांहून अधिक लोकांना कंपवात होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि पंचवीस वर्षांत ही संख्या दुप्पट झाली आहे. एवढ्या माणसांसाठी मलप्रत्यारोपणाच्या ४५-४६ रुग्णांच्या दोन चाचण्या फार थोड्या आहेत. सरकारी पैसा इथे लागला पाहिजे, कारण विष्ठेचं पेटंट घेऊन श्रीमंत होण्याची आशा नसलेल्या प्रश्नात कंपन्या फार काळ टिकत नाहीत. जिवाणूचं विकर रोखणाऱ्या औषधाची माणसांवर चाचणी व्हावी. शरीरातून मेंदूकडे जाणारा आणि मेंदूतून शरीराकडे जाणारा, असे रुग्ण वेगळे करून मलप्रत्यारोपणाच्या मोठ्या चाचण्या व्हाव्यात. कुणाला सांगावं, सगळ्यांना एकत्र मोजल्यामुळेच फायदा दिसेनासा झाला असेल. ज्या रुग्णाला धोका पत्करायचाच आहे, त्याला अशा चाचणीत जागा मिळायला हवी. तिथे त्याच्या धोक्यातून निदान पुढच्या रुग्णाला उत्तर तरी मिळतं. पैसे मोजून बंद दाराआड घेतलेल्या उपचारातून कुणालाच काही कळत नाही, तो लागू पडला तरीही.

तोवर पुढच्या भेटीला जाताना एक कागद बरोबर न्या. आठवडाभर कोणत्या दिवशी पोट साफ झालं, प्रत्येक गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता झालं आणि गोळी लागू पडायला किती वेळ लागला, एवढं त्यावर लिहा. डॉक्टरांनी बोटं जुळवायला सांगायच्या आधी तो कागद त्यांच्या समोर ठेवा.